ज्याला काही चिकटत नाही, त्याला ठिगळ कसं लावायचं?

कागदांच्या गुंडाळीला लावलेलं रबरबँड खिडकीत उन्हात राहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला बारीक बारीक भेगा पडलेल्या असतात. ताणायला जावं तर तुकडे हातात येतात. पण अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात जी हजारो चाकांवरची घरं मुक्कामाला येतात, त्यातल्या कित्येकांचं छप्पर रबराचंच असतं. स्वयंपाकघर, बिछाना, संडास-बाथरूम असा सगळा संसार पोटात घेऊन फिरणाऱ्या या गाड्यांना तिकडे 'आरव्ही' म्हणतात. नीट राखलं तर त्यांचं छप्पर पंधरा-वीस वर्षं ऊन खात टिकतं. रबरबँडला वर्ष जड जातं आणि छपराला दोन दशकं नाहीत, हे कसं?

आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड. इतकं टिकाऊ रबर डोक्यावर असूनही आरव्ही गळतात. पाण्याने आतून कुजलेलं छप्पर ही जुन्या आरव्हीची नेहमीची कहाणी आहे. या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. जो गुण या रबराला उन्हा-हवेपासून वाचवतो, तोच दुरुस्ती करणाऱ्याला घाम फोडतो. हे रबर सहसा कशाशीच संबंध ठेवत नाही: ओझोनशी नाही, पाण्याशी नाही आणि तुमच्या गोंदाशीही नाही.

रबरबँड का मरतं, छप्पर का टिकतं

रबराचे रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांबलचक साखळ्या. झाडाच्या चिकापासून केलेल्या नैसर्गिक रबरात या साखळीच्या मुख्य कण्यातच ठरावीक अंतराने दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. रासायनिकदृष्ट्या ती हळवी जागा. जमिनीलगतच्या हवेत ओझोन अगदी थोडा असतो, पण तो नेमका याच बंधावर येतो आणि साखळी तिथे तुटते. रबर ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लगेच एकमेकांपासून दूर जातात, भेग उघडते आणि ओझोनला आत शिरायला नवी जागा मिळते. म्हणून रबरबँडच्या भेगा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने दिसतात.

आरव्हीच्या छपरावरचं रबर मात्र कारखान्यात जन्मतं. जर्मनीत कार्ल झिग्लर आणि इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५०च्या दशकात असे उत्प्रेरक शोधले, की एथिलीन आणि प्रॉपिलीन या साध्या वायूंचे रेणू शिस्तीत एकामागे एक जोडता येऊ लागले. दोघांना १९६३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोन वायूंपासून केलेल्या रबराच्या कण्यात दुहेरी बंध उरतच नाही, त्यामुळे ओझोनला तोडण्याजोगं काही सापडत नाही.

पण मग एक अडचण आली. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर मजबूत करण्याची युक्ती शोधली होती. तिच्यात गंधक साखळ्यांना एकमेकींशी बांधतो, आणि त्यासाठी त्याला दुहेरी बंधाचीच हळवी जागा लागते. ती नाही तर गंधक कशाला धरणार? रसायनशास्त्रज्ञांनी तोडगा काढला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्यांनी तिसरा एक पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात घातला. त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध असतात. एक साखळीत जोडला जाताना खर्ची पडतो, दुसरा कण्याच्या बाहेर, बाजूला लोंबत राहतो. गंधक त्या लोंबत्या बंधाला धरतो. उद्या ओझोनने तिथे घाव घातला तरी तुटेल ते बाजूचं शेपूट, कणा शाबूत राहील. तीन घटकांच्या या रबराला 'ईपीडीएम' म्हणतात. तुमच्या मोटारीच्या दाराभोवती जे काळं रबरी बीडिंग असतं, तेही बहुधा हेच.

इमारतींच्या सपाट छतांवर घालतात ते ईपीडीएम सहसा काळं असतं, कारण त्यात मिसळलेली काजळी सूर्याचे अतिनील किरण स्वतः शोषून घेते. आरव्हीवर काळं छप्पर घातलं तर आतल्या माणसांची भट्टी होईल. म्हणून तिथे वरचा थर पांढरा, खालचा काळा. वरचा थर उन्हाने अगदी सावकाश झिजतो आणि त्याची भुकटी होते. पावसात ती धुऊन गाडीच्या अंगावर पांढरे ओघळ उतरतात. नवा मालक हे पाहून धास्तावतो, पण झीज बेताची असेल तर हा या रबराचा स्वभाव आहे, आजार नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र हीच भुकटी सगळा डाव बिघडवते. ते पुढे येईलच.

पाणी शिरतं कुठून?

अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. तिथे छप्पर कसं बसवतात ते पाहिलं की गळतीचं अर्धं उत्तर मिळतं. आडव्या वाशांवर प्लायवूड किंवा लाकडाच्या चिपट्या दाबून केलेले 'ओएसबी'चे तक्ते ठोकतात. त्यावर गोंद पसरून गाडीच्या पूर्ण रुंदीचा रबरी पट एकसंध अंथरतात. पट जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाड असतो, पण मधे कुठेही सांधा नसतो.

इथवर सगळं उत्तम. यानंतर या एकसंध पटाला भोकं पाडायला सुरुवात होते. वातानुकूलन यंत्रासाठी चौदा इंची चौकोनी भोक. वायुवीजनाच्या झडपांसाठी तशीच आणखी एक-दोन. संडासाच्या टाकीचा नळ, अँटेना, बाथरूमवरचा प्लास्टिकचा घुमट, मागची शिडी. प्रत्येक भोकावर एक कडेची चौकट येते. तिच्याखाली बुटाइल नावाच्या चिकट रबराची पट्टी दाबतात, वरून स्क्रू मारतात आणि स्क्रूंची डोकी व कड झाकायला सीलंटचा जाड थर ओततात.

आता ही गाडी रस्त्यावर आणा. प्रत्येक खड्ड्यात सांगाडा थोडा पिळवटतो. दुपारच्या उन्हात प्लास्टिकची चौकट एका मापाने पसरते, धातूची दुसऱ्या मापाने, लाकूड तिसऱ्याच. रात्री सगळं पुन्हा आखडतं. रबर हे हेलकावे आनंदाने सोसतं. सीलंट काही वर्षं सोसतो, मग कडक होतो आणि एक दिवस कडेने केसाएवढी चीर जाते. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात त्या चिरेत पाणी गोठतं. गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि चीर आणखी उघडते.

म्हणून गळती शोधताना छपराच्या मोकळ्या मैदानात भोक शोधत बसू नये. झाडाची फांदी घासून पट फाटला असेल तर तो भाग वेगळा. एरवी गुन्हेगार बहुतेक वेळा एखाद्या चौकटीच्या कडेला, समोरच्या किंवा मागच्या टोकाच्या पट्टीखाली किंवा गंजलेल्या स्क्रूपाशी सापडतो. आत थेंब पडतो त्या जागेवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. पाणी तक्त्याच्या वरून, वाशाच्या कडेने किंवा एखाद्या वायरीच्या आधाराने दोन-दोन मीटर प्रवास करतं आणि सोईच्या ठिकाणी खाली उतरतं. पलंगावर ठिपकणारं पाणी बाथरूमच्या घुमटातून आलेलं असू शकतं.

यावर कार्यशाळांमध्ये एक सुंदर उपाय करतात. छपरावरच्या एका झडपेत पंखा बसवून गाडीत बाहेरची हवा भरतात, इतकीच की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील. मग वरून साबणाचं पाणी शिंपडतात. जिथून पाणी आत येतं तिथूनच आता हवा बाहेर पडते, आणि बरोबर त्या जागी फेस उठतो. पावसाची वाट पाहावी लागत नाही.

आधी छप्पर कसलं आहे ते पाहा

पांढरं दिसणारं प्रत्येक छप्पर ईपीडीएमचं नसतं. अलीकडच्या अनेक आरव्हींवर 'टीपीओ' नावाचा पट असतो. दिसायला जवळजवळ तसाच, पण स्वभावाने प्लास्टिक. फरक असा की ईपीडीएमच्या साखळ्या गंधकाने कायमच्या बांधल्या गेलेल्या असतात, त्यामुळे कितीही तापवलं तरी ते वितळत नाही, फार तर जळेल. टीपीओ तापवलं की मऊ होतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट. त्यामुळे टीपीओच्या दोन पट्ट्या गरम हवेच्या झोताने एकमेकांत वितळवून सांधता येतात. ईपीडीएमचा असा सांधा कधीच होणार नाही, तिथे चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही. काही गाड्यांवर फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचंही छप्पर असतं. ते हाताला टणक लागतं, चटकन ओळखू येतं.

बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर बहुधा ईपीडीएम. खात्री हवी असेल तर एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात, कडेच्या पट्टीखाली, नखभर खरवडून पाहावं. पांढऱ्याखाली काळं दिसलं की शंका मिटली.

पंक्चरवाल्याचं बरोबर कुठे, आणि कुठे नाही

सायकलच्या पंक्चरचं काम आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ट्यूब घासून स्वच्छ करायची, सोल्यूशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं, ठिगळ ठेवून ठोकायचं. यातली सोल्यूशन सोडून बाकी प्रत्येक पायरी आरव्हीच्या छपराला लागू पडते, आणि कारणंही तीच आहेत.

घासायचं का? कारण चिकटणारी वस्तू सर्वांत वरच्या थराला चिकटते. छपरावर वरचा थर त्या पांढऱ्या भुकटीचा. भुकटीवर लावलेलं ठिगळ भुकटीला घट्ट धरतं, आणि भुकटी छपराला धरत नाही. काही महिन्यांनी ठिगळ उचललं तर त्याच्या पाठीवर पांढरी पूड असते. म्हणून सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बोट स्वच्छ राहीपर्यंत धुवायचं. नव्या आणलेल्या ईपीडीएमच्या तुकड्यालाही घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात पावडर लावलेली असते, तीही पुसायची. फक्त पंक्चरवाल्यासारखं कानस घेऊन रेटायचं नाही, पांढरा थर पातळ असतो.

ठोकायचं का? छपराला ठिगळ म्हणून लावतात त्या टेपवरचा चिकट थर खरं तर अतिशय घट्ट द्रव असतो. रबराचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी सूक्ष्म डोंगरदऱ्यांचा असतो, आणि द्रव त्या दऱ्यांत उतरला तरच पकड बसते. त्याला उतरवायला दाब लागतो. टेप लावून हाताने थोपटणं पुरत नाही. छोटा रूळ घेऊन मधून कडेकडे, अंगाचं वजन टाकून फिरवावा लागतो.

आता सोल्यूशन. त्यात ट्यूबच्या रबराशी जुळणारे पदार्थ बेतून घातलेले असतात. ईपीडीएम वेगळ्या जातीचं. छपरावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: पसरत नाही, गोळी होऊन बसतो. ज्या पृष्ठभागाला पाणी भिजवू शकत नाही, तिथे बहुतेक गोंदही पसरू शकत नाहीत, आणि जो पसरत नाही तो धरत नाही. इथे कामाला येतं बुटाइल. तेही ईपीडीएमसारखंच तेलकट कुळातलं, पाण्याला न जुमानणारं. दोघांची वृत्ती सारखी असल्यामुळे बुटाइल ईपीडीएमवर सहज पसरतं. छपराच्या दुरुस्तीच्या टेपांचा चिकट थर बुटाइलचा किंवा त्याच्या जवळच्या पदार्थाचा असतो, तो यामुळे. काही जोडांसाठी आधी प्रायमरचा हात देतात. त्याचं काम इतकंच, की रबर आणि चिकट थर या दोघांनाही मानवेल असा एक मधला थर तयार करायचा.

ईपीडीएमचा एक वैरी मात्र नीट ओळखायला हवा: खनिज तेल. तेलाचे रेणू या रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्या दूर होतात आणि रबर फुगतं. छपरावर डांबराचा थर थापला, पेट्रोल-रॉकेलने डाग पुसला किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचा क्लीनर वापरला, की काही दिवसांत पटाला फुगे येऊन तो तक्त्यापासून सुटू लागतो. इमारतींच्या छतांवर काम करणारे कारागीर जोडाआधी पटकन उडून जाणारे द्रावक वापरतात हे खरं, पण ते क्षणात उडतात. डांबर तिथेच ठाण मांडतं.

सिलिकॉनची नळी

चुकीच्या दुरुस्त्यांमध्ये माझ्या मते पहिला मान सिलिकॉनचा. घरात सिंकच्या कडेला लावतात तीच नळी, हाताशी असते, पांढरीही मिळते. ईपीडीएमवर तिची पकड मुळात कच्ची. पण खरं दुखणं पुढचं आहे. सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, बहुतेक वेळा नवं सिलिकॉनसुद्धा नाही. त्यातून पाझरलेला तेलकट थर आजूबाजूलाही पसरतो. वर्षभराने कड सुटली की योग्य सीलंट लावण्याआधी सिलिकॉनचा कण न् कण प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा लागतो. दहा मिनिटांच्या सोईपायी एक अख्खी दुपार जाते.

चौकटींच्या कडांसाठी जो सीलंट हवा तो दोन प्रकारांत मिळतो. सपाट जागेसाठी आपोआप पसरून समतल होणारा, तो स्क्रूंच्या डोक्यांवर ओतला की स्वतः वाहून खाचा भरतो. उभ्या कडेसाठी न ओघळणारा. अमेरिकेत आरव्हीवाल्यांच्या बोलण्यात सीलंट म्हटला की 'डायकॉर' आणि टेप म्हटली की 'इटर्नाबॉण्ड' ही नावं हटकून येतात. नाव कुठलंही असो, डब्यावर ईपीडीएमसाठी चालेल असं लिहिलेलं असणं महत्त्वाचं. जुना सीलंट त्याच जातीचा असेल आणि घट्ट बसलेला असेल, तर तो उपटायची गरज नसते. सुटलेला भाग काढून, स्वच्छ करून वरून नवा ओतला तरी चालतं. वरचा पापुद्रा लवकर धरतो, आतपर्यंत सुकायला मात्र महिनाही लागू शकतो.

> एका नजरेत
> • चौकटीच्या कडेची चीर: ईपीडीएमला चालणारा सीलंट.
> • पटातला काप किंवा भोक: बुटाइलची टेप किंवा ईपीडीएमचं ठिगळ, फाटलेल्या भागाच्या चहूबाजूंनी किमान दोन इंच पुढे जाणारं.
> • ठिगळाचे कोपरे गोल कापा.
> • सिलिकॉन, डांबर, पेट्रोल, रॉकेल: लांब ठेवा.
> • ओल्या लाकडावर ठिगळ नको.
> • रबर ओलं असताना छपरावर पाय ठेवू नका. ते कमालीचं निसरडं होतं.

कोपरे गोल का, तर चिकटलेली वस्तू सरळ ओढून निघत नाही, ती कडेपासून सोलून निघते. सोलताना सगळा ताण एका बारीक रेषेवर येतो, आणि टोकदार कोपऱ्यात ती रेषा बिंदूएवढी होते. गोल कोपऱ्याला असा बिंदूच नसतो. ठिगळाच्या कडेने सीलंटची रेघ देतात तीही त्यासाठीच: वारा आणि पाणी यांना धरायला कड मिळू नये.

रस्त्यावर छपराचा फुगा का होतो

समोरच्या कडेशी पट सुटला असेल तर प्रकरण वेगळ्या थराला जातं. ताशी १०५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण पन्नास किलो वजनाइतका होतो. वेग निम्मा केला तर हा दाब निम्मा नाही, पाव होतो. वारा समोरच्या कडेवरून उसळून जातो तेव्हा छपराच्या पुढच्या भागावर हवेचा दाब कमी पडतो, पट वर ओढला जातो, आणि फटीतून शिरलेली हवा त्याला खालून ढकलते. मागून येणाऱ्या गाडीला आरव्हीच्या डोक्यावर पांढरा फुगा हेलकावताना दिसतो. दर हेलकाव्याला गोंद आणखी सुटतो. अशा वेळी रुंद टेपने फट तात्पुरती बंद करून, वेग कमी ठेवून कार्यशाळा गाठणं हाच शहाणपणा. सुटलेला पट पूर्ण उलगडून, तक्ता साफ करून, नवा गोंद पसरूनच परत बसवावा लागतो.

खालचं लाकूड

ठिगळ लावण्याआधीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रबराबद्दल नसतोच. खालचा तक्ता कसा आहे? लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर गेली आणि तिथेच राहिली, की ते कुजवणाऱ्या बुरशीला मोकळं रान मिळतं. ओएसबी तर पाणी पिऊन फुगतो आणि एकदा फुगला की मूळ जाडीवर येत नाही. वरून पाय दाबला तर तो भाग मऊ लागतो. अर्थात पाय दाबण्याआधी गाडीचं छप्पर चालण्याजोगं आहे का ते पुस्तिकेत पाहावं. कारखान्याने मागे शिडी दिली असेल तर बहुधा असतं. तरीही प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकणं चांगलं, वजन पसरतं.

ओल्या तक्त्यावर उत्तम ठिगळ लावलं तर पाणी बाहेर राहतं, पण आतलं आतच कोंडतं. रबर वाफही फारशी बाहेर सोडत नाही. गळती थांबली म्हणून मालक निश्चिंत आणि लाकूड आत कुजत चाललेलं, अशी दोन वर्षं निघून जातात. ओलीचं मीटर लावून, पंखा आणि उष्णता देऊन, तक्ता पूर्ण वाळल्यावरच वरचं काम. कुजला असेल तर तेवढा भाग कापून नवा तक्ता वाशावर येईल असा बसवायचा. मोठा भाग गेला असेल तर पूर्ण पटच नवा घालणं स्वस्त पडतं, कारण मजुरीचा मोठा हिस्सा वरच्या यंत्रं-झडपा उतरवून परत बसवण्यात जातो आणि तो दोन्हीकडे सारखाच.

जुनी गाडी घेताना

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आपल्याकडच्या कॅरॅव्हॅन बहुतेक व्हॅन-बसच्या पत्र्याच्या अंगावर उभ्या राहतात, त्यांना हे रबर नसतं. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं मात्र सुटीला आरव्ही भाड्याने घेतात, काही जण जुनी विकतही घेतात. त्यांच्यासाठी हे थोडं.

इंजिन, फ्रीज, पलंग पाहण्याआधी शिडी लावून छप्पर पाहावं. आतून छताचे कोपरे, कपाटांच्या आतल्या वरच्या बाजू आणि झडपांच्या चौकटी बोटाने दाबून पाहाव्यात. पिवळसर कडेचा डाग म्हणजे पाणी येऊन वाळलेलं. समोरच्या भिंतीचा पृष्ठभाग उन्हात तिरपा पाहिला की फुगवटा दिसतो. वर चढल्यावर स्वच्छ पण भेगा गेलेला जुना सीलंट दिसला तर फार घाबरू नये, तो एका सुटीच्या दिवसाचा मामला आहे. घाबरावं ते चकचकीत पांढऱ्या, थरावर थर दिलेल्या छपराला. मालक "नुकतंच सील करून घेतलंय" असं सांगत असेल, तर कशाने केलं ते विचारावं आणि उरलेली नळी किंवा डबा बघायला मागावा. नळीवर सिलिकॉन लिहिलेलं निघालं, तर खरवडण्याच्या मजुरीएवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगावी.